भंडारा एका दिवसाचा, चूल रोजची

वऱ्हाडात हजार माणसांचा स्वयंपाक ही अप्रूपाची गोष्ट नाही. गावात भंडारा ठरला की आदल्या रात्रीच देवळामागच्या मोकळ्या जागेत गोवऱ्या रचून ठेवतात. पहाटे त्या पेटतात, धूर ओसरतो, खाली लालभडक आर उरतो. मग जाडसर दळलेल्या कणकेचे रोडगे त्यात पुरायचे. रोडग्याच्या पोटात घड्या असतात आणि प्रत्येक घडीला तेलाचं बोट फिरवलेलं असतं. बाहेरून कडक कवच धरलं की काठीनं ओढून काढायचे, पोत्यावर घोळून राख झटकायची आणि पंगतीत हातानं फोडून वाढायचे. बाजूच्या चुलीवर गंजात वांग्याची भाजी रटरटत असते. नैवेद्य दाखवायच्या आधी चव घ्यायची नाही, म्हणून आचारी सराट्यावरच्या रश्श्याच्या वासावरून मिठाचा अंदाज बांधतो, आणि तो क्वचितच चुकतो.

गव्हाचे कट्टे एकाच्या घरून येतात, तेलाचे डबे दुसऱ्याकडून, वांगी कुणाच्या तरी वाडीतून, लाकूडफाटा गावाचाच. वाढणारी पोरं ‘अजून घे नं भाऊ’ म्हणत पानात भाजी ओततात. नको म्हणणाऱ्याच्या हातावरून ओततात. संध्याकाळी गंज घासून पालथे घातले, वर्गणी आणि खर्च यांचा मेळ बसला की काम संपलं.

एवढं कसब अंगात मुरलेल्या प्रदेशाला संकटकाळात भुकेल्यांची पंगत चालवणं जड जायला नको. तरी जातं, आणि त्याचं कारण या भंडाऱ्यातच आहे. भंडाऱ्याला लागणारे सगळे गुण एका दिवसाचे आहेत: हात सैल सोडायचा, सगळ्यांनी कामधंदा बाजूला ठेवून यायचं, उरलं तर उरू द्यायचं. रोजच्या अन्नछत्राला याच्या उलट सवयी लागतात. हात आखडता ठेवावा लागतो, माणसं पाळीनं बोलवावी लागतात आणि उरलेल्या अन्नाचा दुसऱ्या दिवशीच्या मापात हिशेब धरावा लागतो. पहिल्या दिवशी जो मोठ्या मनाचा वाटतो, तोच विसाव्या दिवशी चिक्कू वाटायला लागतो. तो तसा वाटायला लागला, की छत्र टिकण्याची शक्यता आहे असं समजावं.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा अमरावती-अकोल्यासमोर तीन वेगळ्या भुका एकदमच उभ्या राहिल्या. पहिली चालती भूक. मुंबई, नाशिक, सुरतेकडून छत्तीसगड, ओडिशा, झारखंडकडे निघालेली माणसं जुन्या सहा नंबरच्या हायवेनं, आताच्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून, बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत पुढे सरकत होती. ढाबे बंद होते. या माणसांना रस्त्याच्या कडेला, तिथल्या तिथे, हातात धरून चालता येईल असं काही हवं होतं. दुसरी भूक घरात बसलेली. हमाल, ऑटोवाले, धुणीभांडी करणाऱ्या बाया, बांधकामावरचे मजूर. यांच्या घरी चूल होती, भांडी होती, फक्त रोजी नव्हती. त्यांना शिजवलेल्या पाकिटापेक्षा कणीक, तांदूळ, डाळ, तेल आणि मिठाची पुडी जास्त कामाची. आणि तिसरी, संख्येनं लहान पण सगळ्यात चिवट: ज्यांच्याकडे चूलच नाही अशांची. स्टेशनवर, बसस्टँडवर राहणारे, एकटे म्हातारे, अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात रुग्णाजवळ थांबलेले खेड्यावरचे नातेवाईक.

तिघांनाही एकच पाकीट वाटणं हा सगळीकडे दिसणारा पहिल्या आठवड्यातला प्रकार. त्यात वाईट हेतू नसतो. पाकीट वाटणं सोपं असतं, फोटोतही चांगलं दिसतं. पण ज्या घरात चूल आहे तिथे रोज पाकीट पोचवणं म्हणजे त्या घरातल्या बाईच्या हातचं काम आपण विकत घेणं, तेही दुप्पट किमतीला. पंधरा दिवसांचा शिधा एकदा दिला की त्या घराचा विषय पंधरा दिवस मिटतो आणि छत्राची चूल जिला तिची खरोखर गरज आहे त्या तिसऱ्या भुकेसाठी मोकळी राहते. ही वाटणी जितक्या लवकर होते तितके दिवस छत्र जास्त चालतं. मला विचाराल तर अख्ख्या कारभारातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच आहे, आणि तो स्वयंपाकघरात होत नाही; वस्तीत फिरून, दारात उभं राहून घ्यावा लागतो.

स्वयंपाकघरातला सगळ्यात मोठा प्रश्न मात्र पोळीचा. पाचशे माणसं, माणशी दोन, म्हणजे हजार पोळ्या. सवयीच्या दोघी, एक लाटणारी आणि एक भाजणारी, तासाला शंभराच्या आसपास पोळ्या उतरवतात. दोन तासांत हजार हव्या असतील तर पाच जोड्या लागल्या, पाच तवे, पाच शेगड्या आणि दहा जणींना एका खोलीत एकमेकींपासून अंतर राखून बसवायची जागा. टाळेबंदीत या दहा जणी दहा वस्त्यांतून येणार कशा? एखादी वस्ती प्रतिबंधित क्षेत्रात गेली की त्या दिवशी एक जोडी मोडली. म्हणून महाराष्ट्रभर पाकिटांमध्ये खिचडी किंवा मसालेभात जिंकला. पाचशे जणांना तांदूळ-डाळ मिळून एक कट्टा पुरतो. तीन मोठे गंज, एक आचारी, हाताखाली दोघं. लोकांनी ‘रोज रोज खिचडीच काहून?’ असं विचारलं. विचारणं रास्तच होतं. गहू-ज्वारी खाणाऱ्या माणसाचं नुसत्या भातानं पोट भरत नाही. पण त्या खिचडीमागे कंजूषपणा नव्हता, दहा बायांचं गणित होतं.

खिचडीचा खरा वैरी ऊन. २०२० च्या मे अखेरीस अकोल्याचा पारा ४७ अंशांवर गेला होता. शिजलेला भात गरम असताना बंद डब्यात किंवा पाकिटात भरला आणि तो टेम्पोत बारा ते तीन फिरला, तर आतलं तापमान जंतूंना अगदी मानवेल असं राहतं. शिजवण्यानं न मरणारे काही जंतूंचे बीजाणू भातात असतात. ते कोमट ओलाव्यात वाढतात आणि उलट्यांना कारण होतात. शास्त्राचा साधा नियम असा, की शिजलेलं अन्न एकतर साठ अंशांच्या वर कढत ठेवा, नाहीतर झटकन थंड करा. मधल्या तापमानात रेंगाळू देऊ नका. वऱ्हाडच्या मे महिन्यात थंड करणं जमणारं नाही, तेव्हा उरतं एकच: शिजवणं आणि खाणं यांतलं अंतर कमी करणं. एका मोठ्या स्वयंपाकघरातून चाळीस ठिकाणी टेम्पो पाठवण्यापेक्षा चार वस्त्यांत चार लहान चुली बऱ्या. त्या सांभाळायला जास्त माणसं लागतात हे खरं, पण अन्न नासत नाही आणि एक चूल बंद पडली तरी बाकीच्या तीन चालू राहतात.

हायवेवरच्या चालत्या माणसाला तर भातापेक्षा भाकरी हजारपटीनं बरी. ज्वारीची कोरडी भाकरी, कोरडं चून, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी. हे सगळं संध्याकाळपर्यंत टिकतं, सांडत नाही, हात धुवायला पाणी कमी लागतं. आपल्या आज्यांनी शेतात न्यायची शिदोरी ठरवली ती याच हिशेबानं. भाकरीलाही थापणारे हात लागतातच, तेव्हा इथे मध्यवर्ती स्वयंपाकघराला काही करता येत नाही. घराघरातून चार-चार भाकरी गोळा करणं हाच त्यावरचा उपाय.

डाळीचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी केंद्रानं एप्रिलपासून माणशी ५ किलो मोफत धान्य जाहीर केलं आणि शिधापत्रिकेमागे महिन्याला १ किलो डाळ. धान्य आलं, डाळ मात्र ठिकठिकाणी रखडली. सरकारच्या साठ्यात शेतकऱ्यांकडून खरेदी केलेलं कडधान्य होतं, ते अख्खं. भरडल्याशिवाय ते वाटता येत नव्हतं आणि गिरण्या, मजूर, ट्रक सगळंच अडकलेलं. इकडे अकोला हे डाळ मिलचं गाव, अमरावती-अकोल्याच्या बाजार समित्या तुरीच्या आवकेसाठी नावाजलेल्या. तूर होती, डाळ नव्हती. वऱ्हाडात अन्नछत्र चालवणाऱ्यानं पहिली ओळख करून घ्यावी ती डाळ मिलवाल्याशी. भरडताना तुटलेली डाळ बाजारात कमी भावानं जाते, वरणात मात्र ती अख्ख्या डाळीइतकीच पोषक असते. तांदूळ रेशनचा मिळेल, भाजी मंडईच्या शेवटच्या तासात स्वस्त मिळेल. ताटातलं प्रथिन मात्र सगळ्यात आधी कमी होतं आणि कमी झालेलं दिसत नाही, कारण पातळ वरणही पिवळंच असतं.

आता पैशाचं. संकटातल्या देणगीचा आलेख सगळीकडे सारखाच असतो. पहिल्या आठवड्यात पूर, तिसऱ्या आठवड्यात धार, दीड महिन्यानंतर थेंब. देणाऱ्यांचे स्वतःचे धंदे बंद असतात, शिवाय बातमी जुनी होते. ज्या आश्रमांची आणि वसतिगृहांची रोजची पंगत लोकांच्या वाढदिवस-पुण्यतिथीच्या देणग्यांवर चालते त्यांना हे फार लागतं. घराबाहेर पडायला बंदी असेल तेव्हा वाढदिवस घरातच होतात.

अमरावती-अकोल्याच्या वाट्याला तर याहून अवघड प्रसंग आला. फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्णसंख्या अचानक चढली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली, ती पुढे ८ मार्चपर्यंत वाढली. अकोल्यातही महापालिका क्षेत्र, अकोट, मूर्तिजापूर बंद झालं. बाकी देश त्या वेळी दुकानं उघडून बसला होता. २०२० च्या संकटात सगळ्या देशाचं लक्ष होतं, सरकारचं मोफत धान्य होतं, मोठ्या कंपन्यांचे मदतनिधी होते. २०२१ च्या या फेब्रुवारीत त्यातलं काहीच नव्हतं. केंद्राचं जादा मोफत धान्य नोव्हेंबर २०२० मध्येच थांबलं होतं आणि ते पुन्हा सुरू झालं मे २०२१ मध्ये, सगळ्या देशात दुसरी लाट पसरल्यावर. मधल्या दिवसांत वऱ्हाडातला हातावर पोट असलेला माणूस एकटाच बंद होता. त्याला हक्कानं मिळण्यासारखं शिजलेलं अन्न म्हणजे त्या वेळी ५ रुपयांना असलेली सरकारी शिवभोजन थाळी आणि स्थानिक मंडळांच्या चुली, त्याही वर्षभर चालून थकलेल्या.

म्हणून ‘संकटकाळासाठी तयारी’ करताना राष्ट्रीय संकट डोळ्यांसमोर ठेवून भागत नाही. जिल्ह्यापुरतं संकट जास्त कठीण जातं. त्याची बातमी होत नाही.

वऱ्हाडाला याआधीही असा अनुभव आलेला आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळापासून वऱ्हाडचा कापूस जगात जात होता. हा प्रांत सधन समजला जायचा. दुष्काळाचं संरक्षण म्हणून रेल्वे आहे, हातात पैसा आहे, असं सरकारी कागदांवर लिहिलं जायचं. मग १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे लागोपाठ दोन दुष्काळ आले. १८९१ च्या जनगणनेत जवळपास २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ ला साडेसत्तावीस लाखांवर आली होती. कापूस पिकवणाऱ्या मजुराच्या घरात धान्याचं कणगं नव्हतं. पीक बुडालं की रोजी बुडाली आणि रोजीबरोबर ज्वारी. २०२० ची गोष्ट वाचत आहोत असं वाटतं ते यामुळेच.

त्या काळच्या सरकारी दुष्काळ-नियमांत शिजवलेलं अन्न ही मदतीची एक रीत होतीच, पण तिच्यामागचा हेतू वेगळा होता. परक्या हातचं, परक्या पंगतीत बसून खायला जो तयार होईल तोच खरा गरजू, असा तो हिशेब. म्हणजे ताट हीच एक कसोटी. जातीच्या भीतीनं किंवा लाजेनं माणसं आधी मागे राहायची आणि अगदी हाडं दिसायला लागली की यायची. १९०० मध्ये शेजारच्या मध्य प्रांतात गावोगाव स्वयंपाकघरं उघडून हा कडकपणा बराच सैल करण्यात आला आणि त्याचा उपयोगही झाला. पण ‘रांगेत उभा राहील तो गरजू’ ही समजूत अजून गेलेली नाही. आज तिचं रूप बदललं आहे, एवढंच. ताट देताना फोटो काढतात.

या दुष्काळांच्या वेळी अकोल्याच्या मूर्तिजापूर तालुक्यात दापुरी गावी, मामाच्या घरी, एक तरुण शेतात राबत होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, २३ फेब्रुवारी १८७६. १९०५ मध्ये त्यानं घर सोडलं आणि पुढे महाराष्ट्रानं त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखलं. झाडू आणि कीर्तन सगळ्यांना माहीत आहे. अन्नदानाचा कारभारी म्हणून बाबांकडे फारसं कुणी बघत नाही, आणि माझ्या मते तिथेच त्यांच्याकडून घेण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

पूर्णा नदीकाठी ऋणमोचनला पौषातल्या रविवारी यात्रा भरते. बाबांच्या कामाची सुरुवात तिथली: चिखलात घसरणाऱ्या लोकांसाठी वाट करणं, घाट बांधणं, अंध-अपंगांना, कुष्ठरोग्यांना जेवू घालणं. पुढे मूर्तिजापूर, नाशिक, पंढरपूर, आळंदी, मुंबई. या सगळ्या कामाची रचना पाहिली तर दोन-तीन गोष्टी सारख्या दिसतात. देणगी मिळाली की बाबा ती आधी छपरात घालत, मग ताटात. धर्मशाळा उभी राहिली की अन्नदानाला कायमची जागा मिळते, कोठी मिळते, पाणी मिळतं, आणि देणाऱ्यालाही आपला गहू कुठे गेला ते दिसतं. पैसा त्यांनी स्वतःच्या हातात ठेवला नाही. संस्था विश्वस्तांच्या हवाली केल्या आणि आपल्या नातेवाइकांचा त्यांवर हक्क लागू नये याबद्दल ते कमालीचे कडक होते. स्वतः मात्र गाडग्यात मागून आणलेली शिळी भाकर खात. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. उभी केलेली वस्तू योग्य हातात देऊन मोकळं होणं हेही कारभाराचंच अंग. १९५२ मध्ये त्यांच्या नावाचं मिशन स्थापन झालं. २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ बाबा गेले. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आज कॅन्सरच्या उपचारासाठी मुंबईला आलेली खेड्यापाड्यातली माणसं राहतात. माणूस गेल्यावर सत्तर वर्षं चालणारं अन्नदान निव्वळ भक्तीवर चालत नसतं. त्याच्यामागे चोख हिशेब असतो.

शेगावच्या गजानन महाराज संस्थानाचंही तेच. टाळेबंदीत तिथलं स्वयंपाकघर गरजूंसाठी कामाला लागलं ते सहजपणे, कारण ते एरवीही रोज चालू असतं. कोठी, आचारी, सेवेकऱ्यांच्या पाळ्या, हिशेब, स्वच्छतेची शिस्त, सगळं आधीचंच. संकटात नवं स्वयंपाकघर उभं करण्यापेक्षा चालू स्वयंपाकघराचं दार मोठं करणं किती सोपं, हे तिथे दिसलं. मंगल कार्यालयं, वसतिगृहांच्या मेस, शाळांतली पोषण आहाराची भांडी: जिल्ह्यात अशी दारं बरीच असतात. कोणतं दार कुणाच्या किल्लीनं उघडतं याची यादी संकटाआधी असली म्हणजे झालं.

सरकारी ताटाची गोष्ट थोडी वेगळी. १९९५ मध्ये युती सरकारनं १ रुपयात झुणका-भाकर सुरू केली. कल्पना लोकांना आवडली, गावोगाव केंद्रं निघाली. काही वर्षांत अनुदान आटलं, केंद्रं राहिली ती पाटीपुरती. जागा मोक्याच्या होत्या, तिथे चहा-वडे विकले जाऊ लागले. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, पुण्यात हमाल पंचायतीनं बाबा आढावांच्या पुढाकारानं कष्टाची भाकर सुरू केली होती. ना नफा ना तोटा, रोज राबणाऱ्या माणसाला परवडेल अशा भावात, आणि गिऱ्हाईक कोण ते पक्कं ठाऊक. ती अनुदानावर उभी नव्हती, म्हणून अनुदानाबरोबर पडलीही नाही.

२६ जानेवारी २०२० ला शिवभोजन सुरू झालं ते या दोन्हींच्या मधलं. १० रुपयांत ३० ग्रॅमच्या २ चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात, १०० ग्रॅम वरण. शहरात थाळीची किंमत ५० रुपये धरली, ग्रामीण भागात ३५. वरची रक्कम शासन केंद्रचालकाला देणार. चालक कोण, तर खानावळवाले, संस्था, महिला बचत गट. दोन महिन्यांनी टाळेबंदी आली. भाव ५ रुपये झाला, योजना तालुक्यांपर्यंत गेली, एप्रिल २०२१ मध्ये थाळी मोफत झाली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून पुन्हा १० रुपये. संकट यायच्या आधी दोन महिने ही योजना चालू झालेली होती, हे महाराष्ट्राचं नशीब म्हणायचं. नवी योजना काढायला आदेश, निविदा, निकष यांत जे दिवस जातात ते वाचले.

थाळीचं वजन ४१० ग्रॅम भरतं. माझ्या ढोबळ हिशेबानं त्यातून साडेपाचशेच्या आसपास उष्मांक मिळतात. दुपारी एक वेळ भागते, पण उन्हात गोण्या उचलणाऱ्याला ती कमीच. तरी तिची खरी कमजोरी ताटाबाहेर आहे. चालक आज गहू, तेल, गॅस रोखीनं आणतो. शासनाचा हिस्सा मागाहून येतो. तो महिनाभरानं आला तर उधारीवर निभतं. २०२५ मध्ये अनेक ठिकाणी अनुदान महिनोन् महिने थकलं आणि केंद्रचालक रस्त्यावर आले. बचत गटातल्या बायांकडे सहा महिन्यांचं भांडवल कुठून असणार? अशा वेळी टिकतो तो मोठा ठेकेदार, आणि मग योजना हळूहळू त्याच्याकडे सरकते. केरळातही वेगळं घडलं नाही. तिथे १९९८ पासूनच्या कुटुंबश्री या बचत गटांच्या योजनेतल्या बायांनी मार्च २०२० मध्ये बघता बघता हजारावर स्वयंपाकघरं उभी केली, पुढे २० रुपयांच्या जेवणाची जनकीय हॉटेलं चालवली. २०२३ मध्ये थाळीमागचं अनुदान काढलं गेलं आणि त्यांतली बरीच अडचणीत आली. चूल पेटवायला बायांना फार वेळ लागला नाही. बिल मंजूर व्हायला लागला.

आता रांगेत न येणाऱ्यांबद्दल. मेळघाटात, धारणी आणि चिखलदऱ्यात, २०१५ च्या अखेरीपासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण जेवण मिळतं. शिधा न देता तिथेच बसवून जेवू घालण्यामागे कारण आहे: घरी नेलेलं धान्य सगळ्या घराच्या हंड्यात जातं आणि बाईच्या वाट्याला शेवटचं उरतं. टाळेबंदीत अंगणवाड्या बंद झाल्या, गरम जेवण थांबलं, त्याऐवजी कोरडा शिधा घरपोच गेला. शहरातल्या हमालाच्या घरी जो शिधा योग्य, तोच इथे अपुरा ठरतो, कारण प्रश्न धान्याचा कमी आणि घरातल्या वाटपाचा जास्त. एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात शिजवलेलं द्यावं की कोरडं याची उत्तरं अशी उलटसुलट निघतात. शहरातही अंथरुणाला खिळलेला म्हातारा, अंध जोडपं, मागायची लाज वाटणारी विधवा हे रांगेत दिसत नाहीत. रांग मोठी दिसली की कार्यकर्त्याला समाधान वाटतं. त्यानं त्या दिवशी वस्तीच्या शेवटच्या गल्लीत एक चक्कर मारावी आणि किती दारं आतून बंद आहेत ते पाहावं.

चूल कधी विझवायची, हा प्रश्न चालवणाऱ्याला सगळ्यात जास्त छळतो. हायवेवरची माणसं घरी पोचली, बाजार उघडले, की पहिल्या दोन भुका मिटतात. तिसरी राहते. तिच्यासाठी छत्राकडे अन्नापेक्षाही मोलाची एक वस्तू जमा झालेली असते, ती म्हणजे नावांची वही. कुणाचं रेशनकार्ड नाही, कुणाचं कार्ड गावी आणि माणूस इथे, कुणाचा अंगठा यंत्रावर उमटत नाही, हे एरवी कुठल्याच कार्यालयाला इतकं नेमकं माहीत नसतं. अमरावती विभागातल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य स्वस्तात मिळायचं. २०२३ पासून त्याऐवजी खात्यात माणशी महिना १५० रुपये येऊ लागले, पुढे १७०. बँकेचं खातं जोडलेलं नाही त्या म्हातारीला ना धान्य, ना पैसे. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसे मिळायला उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि तहसीलच्या चार खेपा लागतात. छत्र बंद करायच्या आधीचे दोन महिने वाढप्यांपैकी दोघांना पळी खाली ठेवायला लावावी आणि ही वही घेऊन तहसीलला पाठवावं. वहीतल्या ज्या नावांपुढे कार्ड किंवा पेन्शन लागली ती खोडायची. जी उरतील तेवढ्यांसाठी एखाद्या खानावळीशी किंवा शेजारच्या घराशी महिन्याचा करार करायचा. शंभर जणांच्या वहीतून सहसा आठ-दहाच नावं उरतात, आणि आठ-दहा डब्यांना गंज लागत नाही.